लाल ठिपक्याची पुस्तकं

वाकून बघायची खोड नसती तर बाळंतपणाच्या रजेनंतरचा कामावरचा तिचा पहिला दिवस निदान दुपारपर्यंत तरी धड गेला असता. पण गेल्या आठ महिन्यांत तिची मान सरळ अशी राहिलीच नव्हती. पलंगाखाली, दाराच्या बिजागरीशी, भिंतीतल्या प्लगच्या भोकांशी, झोपलेल्या लेकीच्या नाकपुड्यांशी. जिथे म्हणून काही घात होऊ शकतो तिथे ती वाकत आली होती. पाळणाघरातला लेकीचा हा सहावा दिवस. आधीचे पाच सवयीचे, तास-दोन तासांचे, आजचा खरा. लेक खांद्यावरच झोपली होती. कठड्याच्या खाटेवर ठेवल्यावर तिने ओठ चोखल्यासारखे हलवले आणि पुन्हा निवांत झाली. तरी हिने विचारलंच, "डोक्याकडून उंच केलंय ना काकू? पाजल्यावर ओकते ती. सपाट झोपवली तर..." पाळणाघरवाल्या काकू दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "केलंय गं बाई. काल चारदा सांगितलंस, आज घरून निघताना फोन करून सांगितलंस. आता काय स्वप्नात येऊन सांगणारेस?" ती हसली आणि वाकली. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन पुस्तकं होती. जाड, कापडी बांधणीची, एक हिरवं, एक मातकट. हिरव्याचा कणा बाहेरच्या बाजूला होता आणि त्यावर पांढऱ्या चौकोनी पट्टीत काळ्या शाईने एकशे अठ्ठावीस हा आकडा लिहिलेला होता. आठाचं शेपूट जरा लांब. ते शेपूट तिच्या हातचं होतं. पट्टीच्या खाली रुपयाएवढी एक गोल फिकट जागा होती, काहीतरी खरवडून काढल्यासारखी.

"रद्दीवाल्याकडची आहेत," काकू म्हणाल्या. "गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत त्याच्याकडे. मी विटा ठेवणार होते, पण विटेचा भुगा पडतो, पोरं तोंडात घालतात. ही बरी. उंचीला अगदी बेतून केल्यासारखी. असलं जड कोण वाचतं गं?" तिने गुडघ्यावर बसून मातकट पुस्तकाची पानं कडेने जराशी उचलली. विद्यापीठाचा गोल शिक्का होता आणि त्याच्यावर तिरपा, जांभळा, दुसरा शिक्का: बाद. तिला पुस्तक ओढून घ्यायचं होतं. हात पुढे गेलाही होता. पण वर लेकीचा श्वास संथ चालला होता, आणि पुस्तक निघालं असतं तर खाट कलली असती. ती उठली, साडीवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "बरंय, हलत नाही ना तेवढं बघा."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. हिरवं पुस्तक कुठून आलं ते तिला आठवत होतं. तिच्या संग्रहातल्या एकोणीसशे पुस्तकांपैकी कुठलंही पुस्तक कुठून आलं ते तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ते एका वारलेल्या प्राध्यापकांचं. त्यांच्या बायकोने दार उघडलं तेव्हा घरात औषधाचा आणि जुन्या कागदाचा असा मिसळलेला वास होता. ही तीन दिवस त्यांच्या जमिनीवर बसून निवड करत होती, बाई चहा आणून ठेवायच्या आणि चहा गार व्हायचा. तिसऱ्या दिवशी बाईंनी एवढंच सांगितलं, "घेऊन जा. पण एकत्र ठेवा हो. त्यांनी जन्मभर एकत्र ठेवलीत. माझ्याकडून एकदा आवरताना जागा चुकली तर आठवडाभर बोलले नव्हते." हिने छातीवर हात ठेवून शब्द दिला होता. शब्द द्यायचं वय होतं ते. तत्त्वज्ञानात एम.ए. करून, वर ग्रंथालयाची पदविका घेऊन ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागली त्याला नुकते काही महिने झाले होते. तेव्हाचे ग्रंथपाल, ज्यांना सगळे थोरले सर म्हणायचे, तिला तळमजल्यावरच्या एका खोलीत घेऊन गेले होते. खोलीत एक मांडणी, तिच्यावर तीस-चाळीस पुस्तकं, त्यातली निम्मी परीक्षेची मार्गदर्शकं. "तत्त्वज्ञानाचा संग्रह," सर म्हणाले आणि स्वतःच हसले. "कुणी घेत नाही अंगावर. तुझा विषय आहे ना? मग घे पदरात आणि वाढव."

तिने वाढवला. नऊ वर्षं. कुठली धारा आपल्याकडे सुरू होते आणि मध्येच तुटते याच्या याद्या तिने केल्या. शंका घेणारे होते पण ज्यांच्यावर शंका घेतली तेच नव्हते, उत्तर होतं आणि प्रश्न नव्हता, अशी भगदाडं तिला रात्री दात दुखावा तशी दुखायची. एका ग्रंथाचा पहिला आणि तिसरा भाग होता, दुसरा नव्हता. तो दुसरा भाग तिने चार वर्षं शोधला. पत्रं लिहिली, बंद पडलेल्या कॉलेजांची तळघरं पालथी घातली, आणि सापडला तेव्हा मधोमध ठेवून पाच मिनिटं नुसती उभी राहिली. तिघं खांद्याला खांदा लावून उभे. नवरा तेव्हा म्हणाला होता, "लग्नात एवढी हसली नव्हतीस." छापील पट्ट्यांची शाई उडते म्हणून प्रत्येक कण्यावरचा आकडा तिने हाताने लिहिला. आणि मग ब्लेड आलं. कुणीतरी एका जुन्या नीतिशास्त्राच्या ग्रंथातली बावीस पानं इतकी सफाईने कापून नेली होती की पुस्तक उघडल्यावर आधी काही कळलंच नाही. मग बोट त्या कापलेल्या कडांवरून फिरलं. दुसऱ्याच दिवशी तिने लाल ठिपक्यांची पाकिटं आणली. ज्या कण्यावर लाल ठिपका ते पुस्तक खोलीबाहेर जाणार नाही. आधी शंभरएक दुर्मिळ पुस्तकांना लावला. मग ज्यांची बांधणी सैल आहे त्यांना. मग ज्यांची बांधणी घट्ट आहे त्यांना, ती सैल होऊ नये म्हणून. वर्षभरात सगळी खोली लाल झाली. किल्ली तिच्याकडे. आत यायचं तर वहीत नाव लिहायचं, पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल, आणि तिच्या समोरच्या टेबलाशी बसायचं. ती बघत राहायची. थोरले सर निवृत्त व्हायच्या दिवशी खोलीत डोकावले, म्हणाले, "छान. संग्रहालय केलंस." तिला ती शाबासकी वाटली. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलीही.

विद्यापीठाच्या थांब्यावर उतरेपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, की चुकून दोन-चार गेली असतील. कुणीतरी तिच्या माघारी घोळ घातला असेल, तिची जागा चालवणारं कुणी शिकाऊ असेल. लेक झाल्यापासून सगळे घोळ तिच्या माघारीच होत होते. सासूबाई दीड महिना राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी नातीला घेतलं की ही समोर ओंजळ धरून उभी. मान धरा, डोकं सांभाळा, हात धुतलेत का. पंधराव्या दिवशी सासूबाईंनी पोर हिच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "घे बाई तुझी तुला. मी काय ब्लेडने पानं कापणाऱ्यातली आहे?" आणि धाकट्या मुलाकडे निघून गेल्या. पाळणाघर शोधावं लागलं ते त्यामुळे.  

खोलीला कुलूप नव्हतं. चार मांडण्या रिकाम्या होत्या आणि रिकाम्या फळ्यांवर पुस्तकं जिथे जिथे उभी होती तिथे तिथे लाकूड गडद होतं, दात पडलेल्या हिरड्यांसारखं. उरलेल्या मांडण्यांसमोर शिपाईमामा ढकलगाडी घेऊन उभे होते. "आलात ताई? बाळ बरंय ना? कुणावर गेलंय?" असं एका दमात विचारून त्यांनी गाडी तिच्या वाटेतून बाजूला घेतली आणि मान खाली घालून म्हणाले, "पहिल्या खेपेला सातशे गेली. उरलेली आज चारला. साहेबांना भेटा, मला नका विचारू."

नवे ग्रंथपाल तिच्या रजेत आले होते. लोक त्यांना पाठीमागे आकडेसाहेब म्हणतात हे तिला फोनवर कळलं होतं. ते दुष्ट निघाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, लेकीचं वजन विचारलं आणि वाढतंय ऐकून खरोखर खूश झाले. मग फाइल उघडली. "तुम्हाला मी मुद्दाम कळवलं होतं मॅडम. आणि खरं सांगतो, इतक्या मोकळ्या मनाने संमती दुसऱ्या कुठल्याच विभागाने दिली नाही." फाइलीत तिच्या फोनवरच्या उत्तराची छापील प्रत होती. गेल्या पाच वर्षांत एकदाही देवघेवीत न आलेले ग्रंथ बाद करण्याचा विचार आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. आणि त्याखाली तिचं उत्तर: हरकत कसली सर? उशीरच झाला. एकदम सगळी काढा, जागा मोकळी होईल. तिला ती दुपार आठवली. लेक छातीशी होती, एक हात अडकलेला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने हे लिहिलं होतं आणि लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर तळघरातली हिशेबशास्त्राची सडकी मार्गदर्शकं होती, जी काढून टाका म्हणून ती नऊ वर्षं भांडत होती. ती जागा तिला तत्त्वज्ञानासाठी हवी होती. आपलाही संग्रह त्या वाक्यात बसतो हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. आपलं मूल धडधाकट असताना दवाखान्यावरची पाटी कोण आपल्यासाठी वाचतं?

"ही बाहेर जाणारी पुस्तकंच नव्हती," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला चिरका वाटला. "लाल ठिपका होता. मीच लावलेला. ती देवघेवीत कशी दिसणार?" साहेबांनी समजुतीने मान हलवली. "संगणकाला ठिपका दिसत नाही मॅडम. त्याला शून्य दिसतं." मग वापराचा दुसरा काही पुरावा आहे का, म्हणून त्यांनीच विचारलं, आणि ती जवळजवळ धावत जाऊन किल्लीची वही घेऊन आली. पुरावा होताच. सहा वर्षांची वही, तारीख, नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सगळं तिच्या नजरेखाली लिहून घेतलेलं. साहेब सावकाश पानं उलटत गेले. पहिल्या वर्षाची पानं भरगच्च होती. मग नावं विरळ झाली, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. मग एक ओळ खोडलेली. त्यानंतर पानामागून पान एकच सही होती, आठाच्या शेपटासारखं लांब शेपूट असलेली. मधल्या सुट्टीत ती डबा खाऊन हात धुऊन आत जायची, स्वतःचं नाव स्वतःच्या वहीत लिहायची आणि वाचत बसायची. शेवटच्या महिन्यांत पोटावर एक हात ठेवून. ती दुपार किती शांत असायची. कुणी येऊन ती शांतता मोडू नये असंही तिला वाटायचं, हे आता, या परक्या माणसाच्या टेबलाशी, तिला पहिल्यांदा कळलं.

साहेबांनी वही मिटली. "वाचक तुम्हीच दिसता." तिने वही स्वतःकडे ओढून घेतली. "हे बघा, गाडी चारला येईल. तोवर जे पुस्तक कुणाच्या कार्डावर बाहेर जाईल ते मला बाद करता येणार नाही. नियमच आहे तसा. ठिपका काढायचा अधिकार तुमचा. घ्या करून."

साडेअकरा वाजले होते. उरलेली बाराशे पुस्तकं. तत्त्वज्ञान विभाग मागच्या इमारतीत दोन खोल्यांत असायचा. आता एकच खोली होती आणि तिच्यात तासिका तत्त्वावर काम करणारी एक तरुण शिक्षिका उत्तरपत्रिका तपासत बसली होती. केस आखूड कापलेले, म्हणून ओळखायला क्षणभर लागला. ही तेव्हाची विद्यार्थिनी, लांब वेणीवाली. वहीतली ती खोडलेली ओळ याच मुलीची. "मॅडम! बाळ कसं आहे?" म्हणत ती उठली, बाकावरच्या उत्तरपत्रिका उचलून जागा केली. मुलं आज नाहीत, म्हणाली. परीक्षेनंतर कुणी फिरकत नाही, आणि आहेतच सात. हिने घाईघाईने सगळं सांगितलं. खाटेखालच्या पुस्तकांचं मात्र सांगितलं नाही. वेणीवालीने ऐकून घेतलं. मग लाल पेनाला टोपण लावत म्हणाली, "तुम्हाला आठवतं का हो? मी एका रात्रीपुरतं पुस्तक मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपर होता. म्हटलं ओळखपत्र ठेवून घ्या, घड्याळ ठेवून घ्या. तुम्ही म्हणालात, पुस्तक परत आलं नाही तर मांडणीत घड्याळ लावू का?"

आठवत होतं. त्या उत्तरावर ती तेव्हा खूश होती. घरी जाऊन तिने ते नवऱ्याला नकलेसकट सांगितलं होतं. "मग काय केलंस गं?" तिने विचारलं. "काही नाही. त्या प्रकरणावर प्रश्नच आला नाही," वेणीवाली हसली. "राग नाहीये मॅडम. खरंच नाही. फक्त परत यायची सवय गेली. फोनवर मिळतं तेवढं वाचते, तेवढंच शिकवते. मुलांनाही तेवढंच लागतं." रागावली असती तर हिला काहीतरी धरायला मिळालं असतं. तिने विचारलं, "तुझ्या कार्डावर तीन निघतील. कोणती हवीत?" वेणीवालीने घड्याळ बघितलं. तेच घड्याळ असावं. "तुम्हाला वाटतील ती तीन काढा. मी येऊन सही करते. मला लगेच निघायचंय, दुसरीकडे तास आहे."

कोणतीही. नऊ वर्षांत तिने एक पुस्तक कोणतंही म्हणून घेतलं नव्हतं. देवघेवीच्या खिडकीत उभी राहून तिने मागच्या पानावरची तारखेची पट्टी उघडली. कोरी, इतकी पांढरी की बाकीचं पान तिच्यापुढे पिवळं दिसत होतं. तिने शिक्का मारला. पंधरा दिवसांनंतरची तारीख. वेणीवाली तीन पुस्तकं काखेत मारून, वरचं कुठलं आहे हेही न बघता, पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ही उपाहारगृहात गेली, वाचनकक्षात गेली, स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांत मान घातलेल्या पोरांना हळू आवाजात विचारत राहिली. एकाने अदबीने विचारलं, "मॅडम, यावर किती गुणांचे प्रश्न येतात?" एका मुलीने कार्ड काढलं आणि मग आठवलं म्हणाली, की त्यावर आधीच दोन आहेत. तीन वाजले. दूध भरून येऊन छाती दगडासारखी झाली होती. तिने काकूंना फोन लावला. "खेळतेय गं. ओकली नाही. तू तिथे काम कर, इथे मी आहे ना," काकू म्हणाल्या. दिवसभरात तिला धीर देणारं हे एकच वाक्य होतं.

उरलं तिचं स्वतःचं कार्ड. कर्मचाऱ्यांना दहा मिळतात. बाराशेतली दहा. ती मांडण्यांमधून फिरली, बोट कण्यांवरून फिरवत, आणि त्या तीन भागांपाशी थांबली. दुसरा घ्यायचा तर पहिला आणि तिसरा घ्यायलाच हवा. तिने तिन्ही काढले, हातावर तोलले. बाळंतपणानंतर कंबर धरत नव्हती, आणि संध्याकाळी एका खांद्यावर लेक असणार, दुसऱ्यावर पिशवी, बसमध्ये दांड्याला धरायला हात कुठून आणायचा? तिने ते परत ठेवले. एकत्र, क्रमाने, मधोमध दुसरा. आणि मग तिने पातळ पुस्तकं निवडली. दहा पातळ. काय होतं त्यांत हे ती सांगू शकली असती, पण निवडली ती वजनावर, रद्दीवाल्यासारखी. सव्वाचारला शिपाईमामांनी ढकलगाडी हलवली तेव्हा एक चाक करकरत होतं. ती दारात उभी राहिली. किल्ली तिच्या हातात होती आणि कशाला लावायची ते तिला सुचत नव्हतं.

पाळणाघराच्या दारात पाऊल टाकलं तर लेक जमिनीवर पालथी पडून काकूंच्या पायाचा अंगठा पकडायच्या बेतात होती. आईला बघून ती आधी हसली आणि मग, सगळं आठवल्यासारखं, तिने भोकाड पसरलं. हिने तिला उचललं, कोपऱ्यात बसून पदराखाली घेतलं. दोन्ही जीव एकदम शांत झाले. खाट समोरच होती, डोक्याकडून उंच, एकशे अठ्ठावीस जागेवर. त्यांनी जन्मभर एकत्र ठेवलीत. निदान ही दोन एकत्र आहेत, तिच्या मनात आलं, आणि स्वतःच्या या विचाराची तिला शिसारी आली. काकूंचं लक्ष पिशवीकडे गेलं. "अगं, तू पण रद्दीवाल्याकडूनच आणलीस? बरं झालं. त्या पलीकडच्या पोराच्या आईने तुझी खाट बघितली आणि लागली मागे, आमच्याही पोराची बाजू उंच करा म्हणून. भीती बघ कशी एकीची दुसरीला लागते. यातली देशील दोन?" त्यांनी एक काढून हातात घेतलं, दोन बोटांत धरून जाडी बघितली. "पातळ आहेत गं. एकावर एक लावावी लागतील. चार दे."

नाही हा शब्द तिच्या तोंडात तयार असायला हवा होता. नऊ वर्षं तो तिथे जिभेच्या टोकावर बसलेला असायचा, कुणी पूर्ण वाक्य बोलायच्या आत निघायचा. तिने वाट बघितली. तो आला नाही. कुणीतरी तिच्याकडे पुस्तक मागत होतं, आणि त्यांना ते कशासाठी हवंय हे त्यांना स्वच्छ माहीत होतं. आज दिवसभरात भेटलेल्यांपैकी एवढं कुणालाच माहीत नव्हतं. "घ्या," ती म्हणाली.

काकू खाटेकडे निघाल्या आणि थबकल्या. पुस्तक उजेडाकडे धरून म्हणाल्या, "थांब, ही टिकली आधी काढू दे. त्या दोन्हींवरचीही खरवडून काढली मी. कधी सुटून पोराच्या घशात जाईल याचा नेम नाही. तू एवढी डोळ्यांत तेल घालून बघणारी, तुझ्या नाही आलं लक्षात?" नव्हतं आलं. काकूंनी अंगठ्याचं नख ठिपक्याच्या कडेखाली घातलं. सहा वर्षांचा डिंक सुकून गेला होता. ठिपका एका दमात निघाला, खाली फिकट गोल उरला. तो बोटाला चिकटला, या बोटावरून त्या बोटावर गेला, शेवटी त्यांनी तो ओल्या फडक्याला पुसून टाकला आणि हात पुढे केला.

"दे पुढचं."

तिने लेकीचं डोकं एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या हाताने पुढचं दिलं.